प्रोटीनची जागा

भंवरलालशेठची रिद्धी पुण्याहून पीएचडी होऊन आली आणि जुन्नरच्या बाजारपेठेत तिचा सत्कार ठरला. सत्कार म्हटला की फ्लेक्स आला आणि फ्लेक्स म्हटला की सावळारामभाऊ आले. भाऊ पुढच्या निवडणुकीचे इच्छुक होते. मागच्या निवडणुकीचेही होते.

रिद्धीचं संशोधन पेशीत निरोप पोचवणाऱ्या एका प्रोटीनवर होतं. ते पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर बसतं, असं सगळे धरून चालले होते. रिद्धीने सूक्ष्मदर्शकापाशी डोळे शिणवून दाखवून दिलं, की ते आतल्या बारीक पिशव्यांवर बसतं आणि पिशव्यांतला माल जागच्या जागी पोचवतं. भुसार मालाच्या दुकानात हयात गेलेल्या शेठना हे ताबडतोब पटलं. विभागप्रमुखांना मात्र अजून पटलेलं नव्हतं, कारण भिंतीचा शोध त्यांचाच होता. रिद्धीची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडणाऱ्या मार्गदर्शक बाई सत्काराला येणार होत्या, म्हणून फ्लेक्ससाठी पेशीचं चित्र तिने स्वतः काढून दिलं.

सत्काराच्या सकाळी फ्लेक्स चौकात चढला आणि रिद्धीच्या पायाखालची जमीन सरकली. पेशीच्या मधोमध भाऊ हात जोडून उभे होते. प्रत्येक पिशवीत एकेक शुभेच्छुक होता, गॉगलसकट. प्रोटीन बाहेर भिंतीवर बसलं होतं, म्हणजे नेमकं जिथे ते नसतं तिथे.

ती फ्लेक्सवाल्या भरतकडे धावली.

"भाऊंना हलवता येत न्हाई, ताई. कार्यकर्ते लगेच रुसत्यात," भरत म्हणाला. "मग ऱ्हायलं कोण? प्रोटीन."

"पप्पा, एक तरी पिशवी मोकळी करून द्या. बाईंना मी तोंड कसं दाखवू?" ती दुकानात येऊन शेठना म्हणाली.

"प्रोटीनला मत नाय, बेटा," शेठ म्हणाले. पण पोरीचा चेहरा बघवेना, तेव्हा त्यांनी आणे गावच्या कार्यकर्त्याला फोन लावून पिशवीतला फोटो काढून टाकू का, असं अदबीने विचारलं. तो म्हणाला, आधी डिंगोरे गावच्याचा काढा. डिंगोऱ्याच्याला विचारलं, तर तो म्हणाला, आधी आण्याच्याचा. आपल्या फोटोवर घासाघीस चाललीय हे कळताच दोघांचाही स्वाभिमान जागा झाला आणि दुपारी निरगुडसरच्या सभेत दोघांनी विरोधी गटाचे हार गळ्यात घालून घेतले.

भाऊ खवळले. दोन्ही तोंडं आत्ताच्या आत्ता झाका म्हणाले. भरतकडे तयार स्टिकर एकच होता, प्रोटीनचा. दुसऱ्यासाठी त्याने भिंतीवर चिकटवलेलं प्रोटीन सोलून काढलं आणि दोन पिशव्यांवर दोन स्टिकर चिकटवले. रिद्धीला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं.

संध्याकाळी बाईंनी फ्लेक्स निरखून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. मग भाऊंनी माईक धरला.

"गद्दार गेले. त्यांच्या जागी, इतकी वर्षं बाहेर भिंतीवर ताटकळलेल्या प्रोटीनला आमी आत घेतलंय. माल पोचवायची जबाबदारी हितून पुढं त्याची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपला सगळा शोध भाऊंच्या खात्यावर जाताना पाहून रिद्धी तडक उठली. बाईंनी हाताला धरून तिला खाली बसवलं.

"बोलू दे त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "निघताना विचार, आमच्या विभागप्रमुखांपुढे एक भाषण करायला येतील का."