पालखीच्या वहीतली खाडाखोड

नितेशने दात घासता घासता लॅपटॉप उघडला आणि पेस्ट गिळली. गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या वहीत कुणीतरी हात घातला होता.

वही कागदाची नव्हे. शिमग्याला पालखी पहिली कुणाच्या अंगणात जाणार, या भांडणात गावकऱ्यांनी कागदाच्या तीन वह्या फाडल्या होत्या. म्हणून गोरेगावात सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या नितेशने सगळ्या नोंदी गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाला क्रमांक देऊन जपणाऱ्या प्रणालीत टाकल्या. मधे एक सामाईक वही आणि घरटी लॅपटॉपवर एकेक पूर्ण प्रत. जुन्या नोंदीतलं एक अक्षर हललं, तरी तिथून पुढच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक बदलतात. चोरी लपत नाही.

आज सगळे क्रमांक बदलले होते. गेल्या वर्षीच्या सभेची नोंद म्हणत होती, 'पुढचा पहिला मान चंद्रप्रकाश यांचा.' शिमगा आठ दिवसांवर, आणि नितेशच्या आईने तर लेकीच्या सासरच्यांना पालखीचं आमंत्रणही देऊन टाकलेलं!

रविवारी अध्यक्ष चंद्रप्रकाशांच्या नाहूरच्या घरी सात घरं सात लॅपटॉप घेऊन जमली.

"अध्यक्ष, तुम्ही इतिहास बदललात!" नितेश म्हणाला.

"मी? मला साधा फोटो पाठवता येत नाही रे!"

"मग मान तुमच्या नावावर कसा?"

"देवाची इच्छा."

"देवाकडे पासवर्ड आहे?"

"ए, भांडू नका यार," हर्षद म्हणाला. "प्रती पडताळा ना!"

पडताळल्या. हर्षदच्या प्रतीत मान हर्षदचा. प्रितमच्या प्रतीत प्रितमचा. आणखी दोन घरांच्या प्रतींत ज्याचा त्याचा. इतिहास बदलायला अक्कल लागत नाही, पासवर्ड लागतो. आणि तो सगळ्यांकडे होता.

"सगळ्यांना एकच पासवर्ड का दिलास रे, शहाण्या?" प्रितमने नितेशला विचारलं.

"वेगळे दिले असते तर पहिला कुणाला, यावरून डोकी फुटली असती."

"तुझा लॅपटॉप उघड."

"चार्जिंग नाहीये."

हर्षदने चार्जर लावला. नितेशच्या प्रतीत मान नितेशचा. बदल मंगळवारचा, अध्यक्षांच्या बदलाच्या आधीचा.

"म्हणून कळलं होय तुला! स्वतःची चोरी चोरीला गेली म्हणून बोंबलतोस!" चंद्रप्रकाश म्हणाले.

उरली बोरिवलीची सुगंधाकाकू. गेल्या शिमग्यानंतरची सभा झाल्यापासून तिचा लॅपटॉप लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होता. नितेशने तो पुसून उघडला. जुने क्रमांक जसेच्या तसे. त्याने खरी नोंद वाचली: 'पुढचा मान कुणाचा यावर मारामारी. सभा तहकूब. निर्णय नाही.'

सगळे त्या सभेला हजर होते. हर्षदचा दात तिथेच पडला होता.

"म्हणजे माझीच वही खरी?" काकूने विचारलं.

"हो, काकू."

"मग लिही खाली. यंदा पालखी पयली सुगंधाच्या घराक."

"अहो, पण असं कसं..." चंद्रप्रकाश उठले.

"तुमची वही परत उघडू?" काकू म्हणाली.

चंद्रप्रकाश बसले. बाकीचे उठलेच नव्हते. नितेशने काकूच्याच प्रतीत टाईप केलं आणि ती सामाईक वहीत चढवली.

"आणि मेल्या, पासवर्ड बदल. नवो माका एकटीक सांग."

त्याने सांगितला. काकूने लॅपटॉप पिशवीत घातला आणि चपला शोधायला लागली. घरी सकाळपासून लोणच्याची बरणी उघडी होती.