पिशवीतला मार्गदर्शन कक्ष

यवतमाळच्या बसस्थानकावर ऑटोत बसलं, की डॉ. राठोड मॅडम ड्रायव्हरला बजावतात, "भाऊ, हे पोरगी तिचं संशोधन सांगून राह्यली. विद्यापीठाचं केंद्र येईपर्यंत तुमाले समजलं नाही, तं हिले रस्त्यातच उतरवून द्या."

मी स्वतः दोनदा पायी गेलो आहे.

आम्ही पोस्टडॉक, मॅडमही त्यातल्याच. पीएचडी झालेली, नोकरी न लागलेली, दोन-तीन वर्षांच्या फेलोशिपवर प्रयोगशाळा ओढणारी माणसं. विद्यार्थी म्हणावं तर हजेरीपटात नाव नाही, कर्मचारी म्हणावं तर मस्टरवर नाही. विद्यापीठानं आमच्यासाठी 'करिअर मार्गदर्शन कक्ष' उघडला आणि त्यात मोडक्या खुर्च्या भरून कुलूप घातलं! यावर मी तीन पत्रकं काढली. मॅडमनी तिन्ही वाचली. "निषेध झकास. पण अर्जाची शेवटची तारीख कुठी हाय याच्यात?"

खरा कक्ष त्यांच्या कापडी पिशवीत आहे. फेलोशिपच्या तारखा, अर्जांचे नमुने, बाळंतपणाच्या रजेचा नियम. तो नियम बाहेर निघाला की बाबू खुर्चीत सरळ बसतात. अर्जात कोणी 'सरांच्या कृपेने' लिहिलं, की बोरी अरबकडच्या तांड्यातला त्यांचा आवाज चढतो, "प्रयोग तू केला का कृपेनं केला?"

मुकुटबनच्या कविताची फेलोशिप महिन्यात संपत होती. कपाशीच्या मुळांतल्या जिवाणूंवर तिचं काम पक्कं, पण मुलाखतीत तोंड उघडत नसे. त्यात एका कॉलेजात एकच कायम जागा निघाली. मॅडमनी तिला पंधरा दिवस ऑटोतून फिरवलं. शेवटी एक ड्रायव्हरच मागे वळला, "ताई, माह्या वावरात असतीन का हे जिवाणू?"

"झालं," मॅडम म्हणाल्या. "आता पॅनलची काय बिशाद!"

मुलाखतीला मी सोबत गेलो. दारावर यादी होती. कविताच्या वरचंच नाव डॉ. सुशीला राठोड. मी बघतच राहिलो. मॅडम कविताच्या फायलीतली पानं नीट लावून देत होत्या.

जागा कविताला मिळाली. पेढे मॅडमनीच वाटले, आपलीच निवड झाल्याच्या ऐटीत. अशी बाई कोणत्या विद्यापीठात आहे, दाखवा मला! पण त्यांचीही फेलोशिप संपत आली होती, हे मला त्याच दिवशी कळलं. बसस्थानकावर मी भडकलो, "मंग तिले शिकवलं काहून?"

"जागा एकच काढली, हा तिचा गुन्हा हाय का? त्याच्यावर काढ ना पत्रक."

मग पिशवी मांडीवर घेत हळूच म्हणाल्या, "पण माणसं चांगली होती रे. अर्धा तास मले माह्यं काम विचारून राह्यले होते. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं."

मीही विचारलं नव्हतं. बोरीची बस लागली होती. मॅडम उठल्या. मी पिशवीचा बंद धरला.

"पुढच्या गाडीनं जा. काय काम हाय तुमचं, सांगा."

"तुले टाइम हाय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता बसल्या.