ऑर्विल बोलणारच

गावसभेच्या आदल्या दिवशी ऑर्विल थिबोडोनं जाहीरच करून टाकलं, की उद्या आपण एकदा बोललो की वेस्ट हार्लोमध्ये पुढची पन्नास वर्षं दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची गरज पडणार नाही. तीस वर्षं त्यानं लोकांच्या दारात पत्रं टाकली होती. सगळ्या गावाचं म्हणणं त्यानं घरपोच केलं, पण त्याचं म्हणणं मात्र आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं. हा राग काही थोडाथोडका नव्हता!

विषय तसा सरळ होता. डोंगरावरच्या रस्त्याच्या शेवटच्या मैलावरचा बर्फ यापुढे गावानं काढू नये, असा ठराव आला होता. त्या मैलाच्या टोकाला घर एकच, ऑर्विलचं. त्याची बायको डेल्फीन हिनं सांगून टाकलं होतं, की ठराव झाला तर घर विकून ती फ्लोरिडाला बहिणीकडे, मर्नाकडे, राहायला जाणार. यायचं तर ये, नाहीतर बस बर्फात. ऑर्विलला बर्फाचं काही वाटत नव्हतं, पण मर्नाचं नाव काढलं की तो उठून बाहेर निघून जायचा.

म्हणून डेल्फीननं कागदावर तीन वाक्यं लिहून दिली. आम्ही दोघं सत्तरीचे आहोत. रुग्णवाहिका वर यायला हवी. हा ठराव नामंजूर करा, ही विनंती. ऑर्विलनं कागद खिशात कोंबला. म्हणे विनंती! ज्या देशात एकेक वक्ता ‘स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या’ म्हणून गरजला, तिथे यानं हात जोडायचे?

मार्चचा पहिला मंगळवार. शाळेच्या व्यायामशाळेत सकाळपासून सभा चालली होती. दुपारी जेवणात बीन्स झाल्या, गोडाला ॲपल पाय झाला, लोक सुस्तावले आणि अडीच वाजता शेवटचा ठराव आला. सभा चालवणाऱ्या पेकबाईंनी तो वाचला. रस्त्याचा मुकादम स्वतःच उठून म्हणाला, एका मैलाला मला दहा मिनिटं लागतात, त्याचं काय एवढं? लोकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर डोंगराच्या पायथ्याचं गॅन्यन कुटुंब बसलं होतं. आठ मतं, आठही ऑर्विलची. म्हातारा गॅन्यन म्हणाला, “चर्चा पुरे. मत घ्या.” त्यांना चार वाजता गाई पिळायला घरी पोचायचं होतं.

डेल्फीननं सुटकेचा निःश्वास सोडला आणि शेजारी ऑर्विल उभा राहिला.

“मला बोलायचंय.”

“अरे, ते आपल्याच बाजूचे आहेत,” तिनं त्याचा कोट ओढला.

“असतील! म्हणून काय माझं तोंड बंद करतील?”

मग त्यानं सभेची अशी काही झाडाझडती घेतली, की बोलणाऱ्याला गप्प बसवणारे आपणच, असं प्रत्येकाला वाटू लागलं. चर्चा थांबवायची सूचना पडली. म्हाताऱ्या गॅन्यननं लाजेकाजेस्तव स्वतःच्याच सूचनेविरुद्ध हात वर केला.

“बोला,” पेकबाई म्हणाल्या. “दोन मिनिटं.”

“दोन मिनिटं?” ऑर्विल लालबुंद झाला. “घटनेत लिहिलंय का कुठे, की बोलायचं स्वातंत्र्य आहे, पण दोनच मिनिटं?”

“गेटिसबर्गला लिंकनसाहेबांचं भाषण तेवढ्यात आटोपलं होतं.”

“आणि त्यांच्या आधीचा वक्ता? तो दोन तास बोलला! त्याला कुणी घड्याळ दाखवलं होतं?”

“तो काय बोलला, ते आठवतंय का कुणाला?” पेकबाईंनी विचारलं. पण ऑर्विल कसला ऐकतोय! त्यानं वेळेच्या नियमालाच हरकत घेतली, पेकबाईंच्या निर्णयाविरुद्ध सभेकडे दाद मागितली आणि अर्ध्या तासानं सभेनं कंटाळून एकमतानं ठरवलं, की ऑर्विल थिबोडोनं हवं तेवढं बोलावं.

काय बोलला पठ्ठ्या! वसाहतीच्या काळापासून सुरुवात केली. कोण कुठल्या पायरीवर उभा राहून काय गरजला, कुणाला तुरुंगात टाकलं, कुणाला व्यासपीठावरून खाली खेचलं, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या आवाजानं त्याचेच डोळे भरून आले. साडेतीनला गॅन्यन कुटुंब चुळबुळायला लागलं. पावणेचारला आठहीजण टोप्या हातात घेऊन, माफी मागितल्यासारखे माना खाली घालून बाहेर पडले. गाईंना घटना काय माहीत असणार! डेल्फीन तिकडे खुणा करत होती, पण ऑर्विलला वाटलं, बायको भारावली आहे.

चारला तो पाणी प्यायला थांबला. पेकबाईंनी संधी साधली. “झालं ना? मतदान.”

“अहो, मी आता रस्त्यावरच येत होतो!”

पण तोवर पंचाहत्तर मिनिटांचा राग हातांतून वर आला होता. ठरावाच्या बाजूनं एक्केचाळीस, विरुद्ध पस्तीस. ठराव मंजूर. आठ मतं गोठ्यात होती.

“हा सरळ अन्याय आहे,” गाडीत बसता बसता ऑर्विल धुमसत होता. “आणि गॅन्यनला काही जनाची नाही तर मनाची तरी?”

डेल्फीननं फोन पर्समध्ये ठेवला. “मर्ना हो म्हणाली. मागची खोली आपल्याला देते. फक्त एक अट आहे तिची. टीव्ही चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही.”

“बरं. आणि टीव्ही बंद कधी करते ती?”

डेल्फीननं जरा आठवून पाहिलं.

“दोन वर्षांपूर्वी वादळात वीज गेली होती,” ती म्हणाली, “तेव्हा.”