चौथ्या मजल्याचा धूर

उत्तमराव स्वतःची ओळख करून देत, ती "वाशिमातलं एकमेव नाक" अशी. पोलिसांजवळ कुत्रे असतात, चोरांजवळ डोकं असतं, पण नाक म्हणावं असं नाक देवानं आपल्या एकट्याला दिलं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. रिठदच्या रस्त्याला भाजीचा मळा होता, तो त्यांच्या लेखी जोडधंदा. साळा गजेंद्र त्यांचा मदतनीस होता, कारण आपल्या बहिणीला, आवडाताईला, नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

या वेळचं प्रकरण त्यांच्याच इमारतीतलं, आणि खरंच गंभीर होतं. पालिकेचा नवा नियम असा, की गॅसला फाटा द्या, सगळा स्वयंपाक विजेवर करा आणि बदल्यात एक मजला जास्त चढवा. त्या जास्तीच्या चौथ्या मजल्यावर धापूबाईंचं घर. आता रोज संध्याकाळी जिन्यात धुरकट, भाजल्याचा वास यायचा. कुठं चूल सापडली की मजला बेकायदा, आणि उद्या सकाळी साहेब तपासणीला येणार होते.

"उत्तमराव, या वयात मी कुठी जाऊ?" धापूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चिंता करू नका. नाक हाय नं."

उत्तमराव मळ्यातून थेट आले होते, खांद्याला पिशवी तशीच. पहिल्या मजल्यावर त्यांनी पिशवीतून भिंग काढलं, हुंगलं आणि ते ललिताबाईंच्या पलंगाखाली शिरले. सिलिंडर नव्हतं, लोणच्याची बरणी होती. ती संशयास्पद ठरवून त्यांनी चाखली. दुसऱ्या मजल्यावर भिंग काढलं, पुन्हा तोच वास. समीक्षाची इंडक्शन शेगडी त्यांनी उलटी करून पाहिली, खाली चूल लपवली असेल म्हणून.

"भाऊजी, आपण जातो तिथंच वास येऊन राह्यला."

"म्हंजे चोर आपल्या पुढं पुढं पळून राह्यला. अन् हा वास म्या कुठीतरी घेतला हाय. जुना गुन्हेगार दिसते."

तिसऱ्या मजल्यावर उत्तमराव स्वतः राहत, तो अर्थातच निर्दोष म्हणून वगळला. चौथ्यावर धापूबाईंच्या स्वयंपाकघरात भिंग निघालं आणि उत्तमराव थबकले.

"धापूबाई, तुमीच."

"मी?"

"फिर्याद करनाराच चोर असते. तुमी लपून वांगे भाजता."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं गजेंद्रला झालं. धापूबाई मात्र रडायच्या थांबल्या.

"आमी जैन. या घरात वांगं वर्ज्य हाय, आजवर उंबऱ्याच्या आत आलं नाही. तुमी आले अन् वास आला. पिशवी उघडा."

पिशवीत भिंगाखाली डबा होता. डब्यात आवडाताईंनी मळ्यातच तुरीच्या काड्यांवर भाजून दिलेली वांगी होती, रोजच्यासारखी, रात्रीच्या भरितासाठी. रोज संध्याकाळी ती उत्तमरावांबरोबरच जिना चढायची.

धापूबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "वाचलं माह्यं घर. उद्या साहेब जाईपर्यंत डबा मळ्यातच ठेवा."

उत्तमरावांनी शांतपणे भिंग पुसलं.

"गजेंद्र, म्या पयलेच सांगतलं होतं का नाही, चोर बिल्डिंगमधलाच हाय म्हणून?"

"हो भाऊजी," गजेंद्र म्हणाला, आणि त्यानं डब्याला झाकण लावलं.