हरलेल्याचा नारळ

टीव्हीवर सिनेमाच्या बक्षिसांचा सोहळा लागला की सगळे जिंकणाऱ्याकडे बघतात. चोपड्याचे सुपडूआबा हरणाऱ्याकडे बघायचे.

पाकीट फोडण्याआधी पडद्यावर चार-पाच जणांचे चेहरे दाखवत. मग नाव जाहीर होई, एक जण उठून चालू लागे आणि उरलेले हसत हसत टाळ्या वाजवत. आबा लगेच पुढे सरकून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवायचे. "देख त्याले, देख. कसा हासस बिचारा. त्याना पोटमा काय व्हत व्हई."

तोवर कॅमेरा दुसरीकडे गेलेला असायचा, पण आबांचा हात तिथंच राहायचा. त्यामुळे आबांच्या बैठकीत टीव्ही बघायला जमणाऱ्या आमच्या गल्लीनं बक्षीस घेणारी एकही नटी कधी पुरती पाहिली नाही. कुणाला नुसता अंबाडा दिसे, कुणाला नुसते पाय. आबांना बाजूला व्हायला सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "जिंकेलले देखाले बठ्ठा गाव शे. आपण याले देखूत."

नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी पिंपळनेरहून नोकरीसाठी चोपड्यात आलो आणि आबांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. आबांना त्याचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझी ओळख 'बीए भाऊ' अशी करून देत. बक्षिसं घेणारे इंग्रजीत बोलू लागले की त्याचं मराठी करायचं काम अर्थातच माझ्याकडे येई. आईचे आभार, दिग्दर्शकाचे आभार, देवाचे आभार. तिसऱ्या भाषणानंतर आबांना माझीच शंका यायची. "बीए भाऊ, बठ्ठा एकच कसं सांगतस? का तुले तेवढंच येस?"

सोहळा संपला की खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. आबा आत जाऊन फडताळातून नारळ आणायचे. त्या दिवशी ज्याचं हसू सगळ्यात अवघड होतं, त्याचं नाव घेऊन उंबऱ्यावर तो फोडायचे. खोबऱ्याचा पहिला तुकडा हरलेल्याचा. तो टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचा, मग बाकीच्यांनी खायचं. तरुणपणी आबा गावच्या यात्रेत कुस्त्या लावायचे. पडलेला पहिलवान रिकाम्या हातानं घरी जाऊ नये म्हणून त्याला नारळ द्यायची त्यांच्या गावची रीत होती. फेटा जिंकणाऱ्याला आणि नारळ हरणाऱ्याला. मुंबईच्या लोकांनी फेट्याची तेवढी सोय केली आणि नारळाचं विसरले, असं आबांचं प्रामाणिक मत होतं. टीव्हीवरचा तुकडा सकाळपर्यंत मुंग्या नेत. "पोचनं," आबा समाधानानं म्हणत.

घरात आबा आणि मुलगी मंगल, दोघंच. आबांची बायको, अक्का, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मंगल शिवणकाम करायची. या सोहळ्यात तिला ना जिंकणाऱ्याशी देणंघेणं, ना हरणाऱ्याशी. ती बाह्या बघायची. कुणाची फुगा बाही, कुणाची कोपरापर्यंत जाळी. मांडीवरच्या कागदावर पेन्सिलीनं झरझर रेघा ओढायची, आणि आठवडाभरात गल्लीतल्या बायका त्या बाह्या घालून भाजी आणायला निघायच्या. आबांचा हात मध्ये आला की एकटी तीच त्यांना दटावू शकायची. "आबा, तुमना हारेल बाजूले करा. मन्ही बाही चालनी."

एका वर्षी सोहळ्याच्या आठवडाभर आधी मंगलला बघायला धुळ्याचे पाहुणे येऊन गेले होते. याआधीही काही जण आले होते. पोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेले होते. कळवलं कुणीच नव्हतं. हे स्थळ मात्र मंगलच्या मनात भरलं होतं. मुलगा तिच्याशी नीट बोलला होता, शिवणाचं मशीन घेऊन या म्हणाला होता. मंगल त्या आठवड्यात मशीन चालवताना गुणगुणत होती. उत्तर मध्यस्थ नानांकडून यायचं होतं. अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कुणी एक शब्द काढत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी सोहळा लागला. बैठकीत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. पहिलं बक्षीस जाहीर झालं, हरलेले टाळ्या वाजवू लागले, आणि आबा उठले. मला वाटलं, आता बोट येणार. पण ते जिन्यानं गच्चीवर गेले. वरून आवाज आला, "दिखस का नीट?" चित्र आधीपासूनच स्वच्छ होतं. दुसऱ्या बक्षिसालाही तेच. हरणाऱ्यांचे चेहरे आले की आबा अँटेना फिरवायला गच्चीवर. प्रत्येक वेळी चित्र थोडं बिघडवून येत. त्या दिवशी गल्लीनं पहिल्यांदा नट्या पूर्ण पाहिल्या, पडद्यावरच्या मुंग्यामुंग्यांतून का होईना. मंगलचा कागद भरून गेला. ती इतकी हसत होती की शेजारची म्हातारी म्हणाली, हिलाच द्या बक्षीस.

सोहळा संपला. आबांनी नारळ आणला. सगळे नावाची वाट बघत होते. पण आबा उंबऱ्याकडे गेले नाहीत. मंगलपुढे येऊन थांबले आणि नारळ तिच्या हातात दिला.

मंगल नारळाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "धुळेवालास्नी नही सांगं का?"

आबांनी मान डोलावली.

"कव्हय समजनं तुमले?"

"दुपारले. नाना बजारमा भेटनात."

"आनि तुम्ही मले आते सांगतस."

आबा खाली बघून म्हणाले, "तुले बाह्या देखन्या व्हत्यात ना."

बायका आपापली मुलं सांभाळत उठायला लागल्या, तर मंगलनं हातानंच सगळ्यांना बसवलं. उठली, उंबऱ्याशी गेली आणि एका फटक्यात नारळ फोडला. पाणी वाटीत धरलं, खोबऱ्याचे तुकडे केले. पहिला तुकडा तिनं उचलला तेव्हा आम्हाला वाटलं, आता ती तो खाणार, किंवा रीतीप्रमाणे टीव्हीवर ठेवणार.

तिनं तो आबांच्या तळहातावर ठेवला.

आबा सगळ्यांकडे बघून हसले. टीव्हीत हरलेले हसायचे ना, तसंच. मग आम्हीही खोबरं खाल्लं.