डालगं उचलण्याची नम्र विनंती

निसर्गावर प्रेम करायला निसर्गात जावं लागतं, ही समजूत आता मागे पडली आहे. निसर्गात चिखल असतो, गोमाश्या असतात आणि बसायला खुर्ची नसते. या अडचणी ध्यानात घेऊन तुंगार्लीच्या पक्षीप्रेमी मंडळाने तळ्याजवळच्या एका आंब्यावर, शिक्र्याच्या घरट्यासमोर, कॅमेरा बसवला. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. मंडळाने नराचं नाव शौर्य ठेवलं, मादीचं ममता. (पक्ष्यांकडून हरकत आली नाही.) घरट्यात तीन पिल्लं होती आणि त्यांना पाहायला चौदा देशांतून रोज सहा हजार दोनशे माणसं फोनवर जमत. म्हणजे दर पिल्लामागे दोन हजारांवर पालक.

त्याच आंब्याखाली, कुंपणापलीकडे, सरूबाईचं घर. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सून रेणुका, दोघीच. त्याच सुमारास सरूबाईच्या कोंबडीनेही अकरा पिल्लं काढली होती. ती अंड्यांवर बसली होती ते एकवीस दिवस सरूबाईने तिला हाताने दाणे चारले होते. शेजारणीच्या पिल्लांत मिसळू नयेत म्हणून तिने प्रत्येकाच्या पंखाला जांभळा रंग लावला.

पिल्लं कमी होऊ लागली. सरूबाईचा संशय मांजरावर होता. पाच गेल्यावर एका सकाळी रेणुका मोबाईल घेऊन धावत अंगणात आली.

"आत्या, ह्ये बगा!"

पडद्यावर शौर्य काहीतरी घेऊन घरट्यावर उतरला होता आणि ममता ते सोलत होती. एक जांभळं पीस वाऱ्याने उडालं. खाली दोनशे जणांनी लाल बदाम टाकले होते आणि नाशिकच्या एका गृहस्थांनी, जांभळ्या पंखांचा पक्षी सह्याद्रीत प्रथमच आढळल्याबद्दल, मंडळाचं अभिनंदन केलं होतं.

सरूबाईने पदर खोचला आणि मंडळाचे अध्यक्ष आदिनाथराव यांचा बंगला गाठला.

"सायेब, तुमच्या फोनातलं जांभळं पाखरू माजं हाय."

आदिनाथराव सज्जन माणूस. त्यांनी तिला चहा दिला आणि अन्नसाखळी समजावून सांगितली. त्या साखळीत आपण कुठे बसतो, हे सरूबाईला नीट कळलं. घरी येऊन तिने उरलेली सहा पिल्लं बांबूच्या उपड्या डालग्याखाली झाकली.

इथून परिस्थिती बिघडली. शौर्य सरडे आणू लागला. सरडा दिसायला बरा नसतो. प्रेक्षक घटले आणि उरलेले हळवे झाले. 'पिल्लं अर्धपोटी आहेत, कुणीतरी काहीतरी करा,' असं चारशे सतरा जणांनी लिहिलं. (लिहून झाल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.) मंडळाने तातडीची सभा घेतली, आणि तिसऱ्या दिवशी आदिनाथराव ठराव वाचून दाखवायला स्वतः आले. उजेड चांगला असतो तेव्हा, म्हणजे सकाळी दहा ते बारा, डालगं उचलून श्रीमती सरूबाई यांनी निसर्गाला सहकार्य करावं, ही नम्र विनंती.

"आन माजी पिल्लं न्हाईत व्हय?"

"आहेत ना, मावशी. पण त्यांना कॅमेरा नाही."

"मग लावा की."

मंडळ न्यायप्रिय होतं. अंगणात दुसरा कॅमेरा लागला. पहिल्या आठवड्यात त्याला तीन प्रेक्षक लाभले: रेणुका, रेणुकाची बहीण आणि चुकून आलेला एक जण.

मग एकदा सरूबाईने झाडलोटीसाठी डालगं बाजूला केलं आणि शौर्य खाली आला. कोंबडी पंख फुलवून धावली, सरूबाई केरसुणी घेऊन धावली. दोघींनाही उशीर झाला. ते दृश्य अकरा हजार जणांनी पाहिलं, बहुतेकांनी पुन्हा एकदा सावकाश पाहिलं. सरूबाई मात्र कोंबडीला कुशीत घेऊन दुपारपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती डालग्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागली. एक हात डालग्यावर, मांडीवर काठी. लगेच तक्रारी आल्या: 'बाई मध्ये येतात', 'नैसर्गिक वाटत नाही'. मंडळाने प्रेक्षकांचं मतदान घेतलं. मावशींनी बाजूला व्हावं का? शहाण्णव टक्के 'हो' म्हणाले. आदिनाथरावांनी निकाल कळवला.

"कोन हायती ही लोकं?"

"आपलीच, मावशी. पिल्लांना जीव लावणारी."

सरूबाईने खुर्ची कॅमेऱ्याकडे वळवली आणि थेट त्याच्या डोळ्यात पाहिलं.

"मी हितनं उटनार न्हाई. बगत बसा."

अठरा दिवस ती उठली नाही. शौर्य-ममताची तिन्ही पिल्लं सरडे आणि खारी खाऊन धडधाकट झाली आणि उडून गेली. सरूबाईची पाचही पिल्लं शिक्र्याला उचलता येणार नाहीत एवढी मोठी झाली. दाखवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मंडळाने दोन्ही कॅमेरे काढले.

ते शहाण्णव टक्के कोण, हे सरूबाई अजून अधूनमधून रेणुकाला विचारते. पण मतदान गुप्त होतं. तिला कधीच कळणार नाही. तेव्हा तुम्ही अगदी निर्धास्त असा.