साळवे सरांचा दुसरा खंड

साळवे सरांना कुणी नवं पुस्तक दाखवलं की ते पुठ्ठासुद्धा उघडत नाहीत. "पाचव्या शतकाच्या पुढचं असेल तर सवड नाही," म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल त्यांनी याच कारणासाठी परत पाठवला होता. सेक्रेटरी मी होतो. चांगलाच राग आला होता मला.

सर शाळेत भूमिती शिकवायचे. जन्माने ख्रिस्ती, रविवारी चर्च चुकत नाही. निवृत्त झाले आणि ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार-पाच शतकांत होऊन गेलेल्या आचार्यांच्या मागे लागले. चर्चपिते म्हणतात त्यांना. सर म्हणतात 'आमची वडील मंडळी', आणि बोलतात असं की ती मंडळी कालच यांच्याकडे चहा पिऊन गेली. पाण्याच्या टाकीवरून सोसायटीत भांडण पेटलं तेव्हा हे शांतपणे म्हणाले, असल्या भांडणांचा निकाल वडील मंडळींनी तिसऱ्या शतकातच लावलाय. टाकी गळत राहिली, ते सोडा.

आता या मंडळींचे ग्रंथ पुण्यात मिळावेत कुठे? इथे सरांची खरी करामत. कुणी काहीही सांगितलं की यांचा प्रश्न ठरलेला, "मूळ कुठाय?" एका पुस्तकाच्या तळटीपेत दुसऱ्याचं नाव सापडलं की पिशवी घेऊन निघालेच. पाद्री घडवणाऱ्या विद्यालयांची ग्रंथालयं झाली, रद्दीची दुकानं झाली, विश्रांतवाडीच्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांची ट्रंकही उपसून झाली. उसनं आणलेलं पुस्तक ते शिवून, खळ लावून, कव्हर घालून परत करत. त्यामुळे ग्रंथपाल फाटकी पुस्तकं मुद्दाम यांच्यासाठी बाजूला ठेवू लागले. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, याची एक वही. तिच्यात शेरेसुद्धा: 'वाळवी आहे, पण ग्रंथपाल सज्जन.' मी विमा कचेरीत जन्मभर फायली शोधल्या, पण असा चिवट माणूस पाहिला नाही.

एकच सल होता. एका बिशपाच्या पत्रांचा इंग्रजी पहिला खंड घरी होता, दुसरा कुठेच मिळेना. नऊ वर्षं शोधला. शेवटी सापडला तो लोणी काळभोरला, एका दिवंगत धर्मोपदेशकाच्या घरी. त्यांची बायको सोनाबाई ऐंशीच्या पुढची, अक्षरओळख नाही. नवऱ्याचं पुस्तक म्हणून खंड उशाशी घेऊन निजायची. तिने सरांना साफ सांगितलं, पुस्तक घराबाहेर जायचं न्हाय. वाचायचं तर हितं बसून वाचा.

दुसरा कुणी असता तर हात हलवत परत आला असता. सर दर गुरुवारी बसने लोणीला जाऊन नक्कल उतरवू लागले. उतरवता उतरवता बाईंना मराठीत अर्थ सांगायचा, असं ठरलं. बिशपाबद्दलचा बाईंचा अभिप्राय ते आम्हाला कौतुकाने ऐकवत, "बाबा लई बोलतोय, पर खरं बोलतोय."

यंदा सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचन बंद. गुरुवार चुकायला नको म्हणून बरोबर येऊन वाचून दाखवायची त्यांनी मला गळ घातली, आणि साळवे सरांना नाही म्हणायची सोय नसते. बसमध्ये, कुठून सुरुवात करायची ते बघायला मी नकलेची वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात 'समाप्त' आणि खाली तारीख. सात महिन्यांपूर्वीची.

"अहो सर, हे तर केव्हाच संपलंय."

ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. काळ्या चष्म्याआड काही कळेना. तिकडेच बघत म्हणाले, "बाईंना सांगू नका. संपलं म्हटलं, तर पुढच्या गुरुवारी काय सांगून जाऊ?"

सरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशी, हे सगळं मला ठाऊक होतं. पण या माणसाचा अख्खा आठवडा एका गुरुवारवर तगून आहे, हे इतकी वर्षं शेजारी राहून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लाज वाटली मला.

लोणीला पोचल्यावर सर हातपाय धुवायला मागे मोरीवर गेले. सोनाबाई माझ्याजवळ सरकली आणि आवाज खाली आणून बोलली.

"पुस्तक कवाच सरलंय, मला ठावं हाय. वाचता येत न्हाय, पर खुणंचं मोरपीस तर दिसतंय न्हवं? शेवटाला जाऊन पुन्यांदा पुढनं सुरू झालंय. तुमी मास्तरास्नी बोलू नगा. यायचं बंद करत्याल."

सर आले, चाचपत खाटेवर बसले. अजून किती राहिलंय, असं त्यांनी मला विचारलं. माझ्याआधी बाईच म्हणाली, "बरंच हाय की."

मोरपीस चाळिसाव्या पानावर होतं. मी दहा पानं मागे गेलो आणि तिथून सुरुवात केली.